वळण कोणाचे?

मराठीत 'वळण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. रस्त्याला वळण असते, तसे मुलालाही वळण असते. रस्त्याचे वळण डोंगराच्या उतारावरून ठरते. मुलाचे वळण घर, शाळा, शेजार आणि धर्मग्राम यांच्या सहवासात घडते. शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकत्र यावेत असा एक खेळ गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जपानमध्ये जन्मला, वाढला आणि आता जगभरच्या क्रीडांगणांत प्रतिष्ठेने नांदत आहे. त्याचे नाव ड्रिफ्टिंग. मोटार वळणावर मुद्दाम आडवी घसरवत, तरीही ताब्यात ठेवून नेण्याची ही कला आहे. तिचा बराचसा अभ्यास झाला तो रात्रीच्या घाटरस्त्यांवर, कायदा मोडून. आज तिला नियम आहेत, परीक्षक आहेत, आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. कायदा मोडून कमावलेले कौशल्य पुढे नियमांच्या चौकटीत आले, म्हणजे त्याचा मूळचा दोष धुऊन निघतो काय? निघत असेल तर नेमका कशाने? मोटारींची आवड असलेल्यांपुरताच हा प्रश्न आहे असे आम्हांला वाटत नाही. तरुण मुलाच्या हाती वाहनाची किल्ली देताना ज्यांच्या काळजात क्षणभर चर्र होते, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

प्रथम हे कौशल्य काय आहे ते समजून घेऊ. मागची चाके घसरली की सामान्य चालकाला धडकी भरते. ड्रिफ्टिंग करणारा ती घसरण स्वतःच घडवून आणतो. त्यासाठी इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळेल अशी गाडी लागते. वळणाच्या तोंडाशी हँडब्रेक ओढून, क्लच झटक्यात दाबून सोडून, किंवा गाडीचा भार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकून तो मागच्या टायरांची रस्त्यावरील पकड सोडवतो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्याच क्षणी तो स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला फिरवतो आणि एक्सलरेटर कमीजास्त दाबून घसरण तोलून धरतो. रस्ता डावीकडे वळत असतो आणि गाडीची पुढची चाके उजवीकडे पाहत असतात. दाब जरा अधिक झाला, तर गाडी गरकन फिरून उलट तोंड करते. जरा कमी झाला, तर टायर पुन्हा पकड घेतात आणि घसरण संपते. या दोन चुकांच्या मधली अरुंद वाट चालकाला सबंध वळणभर सांभाळावी लागते. बेफिकीर माणसाचे हे काम नव्हे. वरवर जो उच्छृंखलपणा दिसतो, त्याच्या आत कठोर संयम असतो.

या कलेचे मूळ शर्यतीच्या मैदानावरचे. कुनिमित्सु ताकाहाशी हे तिचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १९६१ साली पश्चिम जर्मनीतील शर्यतीत होंडाच्या २५० सीसी मोटारसायकलवर त्यांनी विजय मिळवला. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील मोटारसायकल शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी स्वार होत. पुढच्याच वर्षी आइल ऑफ मॅन येथे त्यांना गंभीर अपघात झाला आणि कालांतराने ते मोटारींच्या शर्यतींकडे वळले. १९७० च्या दशकात वळणावर गाडी घसरवत नेण्याची त्यांची शैली प्रेक्षकांना मोहवू लागली. परंतु ताकाहाशींच्या दृष्टीने घसरण हे साधन होते. वळणातून लवकर बाहेर पडावे आणि शर्यत जिंकावी, एवढाच तिचा हेतू होता.

त्यांना पाहून भारावलेला एक तरुण म्हणजे १९५६ साली जन्मलेले केइची त्सुचिया. त्यांनी हे साधन उचलले आणि त्यालाच साध्य केले. उसुई घाटासारख्या डोंगरी रस्त्यांवर त्यांनी आपला हात बसवला. त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली टोयोटाची गाडी १,६०० सीसी इंजिनाची आणि सुमारे १३० अश्वशक्तीची, म्हणजे फारशी बलवान नव्हे. १९८७ साली त्यांच्या घाटातील चालनाची चित्रफीत निघाली. मोटारविषयक नियतकालिके आणि अशा चित्रफिती यांच्याद्वारे हे वेड गावोगावच्या तरुणांत पसरले. त्सुचियांना 'ड्रिफ्ट किंग' अशी पदवी लाभली. पुढे १९९५ साली फ्रान्समधील ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत याच त्सुचियांनी खुद्द ताकाहाशींबरोबर एकाच होंडा गाडीत पाळ्या घेतल्या आणि आकिरा ईदा या तिसऱ्या सहकाऱ्यासह आपल्या वर्गात पहिला क्रमांक पटकावला. ज्यांच्याकडे पाहून शिकलो, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून जिंकण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ही कथा ऐकताना मन प्रसन्न होते, आणि इथेच सावध व्हावे लागते. यशाच्या उजेडात मागचा अंधार पुसट होतो. घाटातले वळण म्हणजे काय, हे आपल्या लोकांना निराळे सांगायला नको. पलीकडून कोण येत आहे ते तिथे दिसत नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेला कामगार असेल, मालाचा ट्रक असेल, आजारी मुलाला घेऊन निघालेले आईबाप असतील. आडवी झालेली गाडी सरळ गाडीपेक्षा रस्त्याची कितीतरी अधिक रुंदी अडवते. समोरच्याला बाजूला व्हायला जागा उरत नाही आणि घसरणाऱ्याला थांबायला अवधी मिळत नाही. चालकाचा हात कितीही तयारीचा असला, तरी समोरून येणाऱ्याने त्या हातावर आपला जीव टाकण्यास संमती दिलेली नसते. त्याला असा काही खेळ चालू आहे हेही ठाऊक नसते.

कौशल्याचा बचाव इथे लटका पडतो तो यामुळे. 'मी उत्तम चालवतो, माझ्या हातून कधी अपघात झाला नाही,' असे म्हणणारे आपल्या आसपास पुष्कळ भेटतात. अपघात झाला नाही याचा अर्थ एवढाच की त्या रात्री पलीकडून कोणी आले नाही. परक्याचा जीव पणाला लावला गेला तो गाडी वळणात शिरली त्याच क्षणी. पुढे रस्ता मोकळा निघाला हा योगायोग. दुसऱ्याच्या तिजोरीतले पैसे काढून जुगार खेळणारा माणूस जिंकला आणि त्याने पैसे परत जागच्या जागी ठेवले, तरी आपण त्याला प्रामाणिक म्हणत नाही. घाटातल्या वळणाचेही तसेच आहे. ते वळण जितके चालकाचे, तितकेच पलीकडून येणाऱ्या अनोळखी माणसाचे असते.

आता चौकटीत आलेल्या खेळाकडे पाहू. २००० साली त्सुचिया आणि 'ऑप्शन' मासिकाचे संस्थापक दाइजिरो इनादा यांच्या पुढाकाराने फुकुशिमा प्रांतातील एबिसू सर्किटवर व्यावसायिक स्पर्धा भरली. तिलाच पुढे 'डी-वन ग्रां प्री' हे नाव मिळाले. २००३ मध्ये ही स्पर्धा कॅलिफोर्नियातील अर्विनडेल येथे गेली. २००४ पासून अमेरिकेची स्वतःची 'फॉर्म्युला ड्रिफ्ट' ही मालिका सुरू झाली. २०१७ मध्ये जागतिक मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, टोकियोतील ओदाइबा येथे आपला पहिला आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक भरवला आणि मासातो कावाबाता यांनी तो जिंकला. युरोपात आयर्लंड आणि पोलंड हे देश या खेळाचे बालेकिल्ले झाले आहेत. २०२३ मध्ये युरोपीय मालिकेची अंतिम फेरी वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये झाली. जे काल पोलिसांची चाहूल लागताच पांगत होते, त्यांचे वारस आज भरल्या स्टेडियममध्ये हात उंचावून अभिवादन स्वीकारतात.

यात नेमके काय बदलले? चाके तीच आहेत, घसरण तीच आहे, धूर तर पूर्वीपेक्षा अधिक आहे. अमेरिकेतील लाँग बीच शहराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील स्पर्धा शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवर होते. एरवी जिथून नागरिकांची वर्दळ असते, तेच डांबर काही दिवसांपुरते कठडे उभारून बंद केले जाते. तेव्हा फरक जागेत नाही. फरक आहे तो कठड्याच्या आत कोण आहे आणि तो तिथे कसा आला यात. आतला प्रत्येक चालक स्वेच्छेने आलेला असतो. त्याच्या गाडीत पोलादी पिंजरा असतो, अंगावर अग्निरोधक पोशाख आणि डोक्यावर शिरस्त्राण असते. वैद्यकीय पथक सज्ज असते. ज्याने संमती दिलेली नाही, तो कठड्याच्या बाहेर सुरक्षित असतो. आमच्या मते या खेळाचे नैतिक शुद्धीकरण झाले ते इथे. प्रसिद्धीने, पैशाने किंवा पदकाने ते झालेले नाही. अनोळखी माणसाला त्याचे वळण परत मिळाले, म्हणून ते झाले.

आणखी एक गोष्ट आम्हांला विचारात पाडते. मोटारींच्या बहुतेक शर्यतींत घड्याळ न्याय देते. जो आधी पोहोचला तो जिंकला. ड्रिफ्टिंगमध्ये न्याय माणसाच्या नजरेकडे आहे. गाडीची वाट, तिचा कोन आणि चालकाची शैली पाहून परीक्षक गुण देतात. पात्रता फेरीनंतर चालकांच्या जोड्या लावतात. एक पुढे घसरत जातो आणि दुसरा त्याच्या अगदी निकट, त्याचीच वाट आणि त्याचाच कोन राखत मागोमाग जातो. मग भूमिका बदलतात. मागचा पुढे होतो, पुढचा मागे. दोन्ही फेऱ्या मिळून निकाल लागतो. केवळ पुढारीपण येऊन भागत नाही, अनुयायी होणेही यावे लागते. पुढच्याने अनपेक्षितपणे वेग तोडला किंवा वाट सोडली आणि त्यामुळे टक्कर झाली, तर दोष पुढच्याचा. पुढचा नीट जात असताना मागचा आदळला, तर दोष मागच्याचा. पुढे चालणाऱ्याने मागच्याला भरवशाचे वाटेल असेच चालावे, हा स्पर्धेचा नियमच झाला आहे. परीक्षकांना दोघांत डावे-उजवे करता आले नाही, तर ते फेरी पुन्हा घ्यायला सांगतात. निवाडा करणाऱ्याने 'अजून ठरवता येत नाही' असे उघडपणे म्हणावे, हे आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच आढळते.

घाटातल्या चालकाला समोरचा दिसत नव्हता. इथे दोन गाड्यांमधले अंतर कित्येकदा हातभरही नसते. एकाचा जीव दुसऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. परक्याच्या अज्ञानावर उभा असलेला खेळ परस्परांच्या विश्वासावर उभा राहिला, ही प्रगती आम्ही लहान मानत नाही.

तथापि एवढ्याने सर्व शंका मिटत नाहीत. पहिली शंका चालकाच्या स्वतःच्या जीवासंबंधी आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यास गंभीर दोषी ठरवतो. त्यात 'इतरांची' या शब्दाबरोबर 'स्वतःची' हाही शब्द आहे. आपला जीव ही केवळ आपली मालमत्ता नाही. आई, पत्नी, मुले यांचाही त्यावर हक्क असतो. म्हणून 'मी संमती दिली' एवढे म्हटल्याने चालक मोकळा होत नाही. मात्र कोळी समुद्रात जातो, पाडेली ताडावर चढतो, अग्निशामक दलाचा जवान जळत्या घरात शिरतो. धोका पत्करणे स्वतःच पाप नव्हे. धोका कशासाठी आणि किती काळजी घेऊन पत्करला, हे पाहावे लागते. खेळाचा हेतू या माणसांच्या हेतूइतका मोठा नाही, म्हणून खेळात काळजी अधिक हवी. २०१६ साली कावाबाता यांनी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ३०४.९६ किलोमीटर वेगाने गाडी आडवी घसरवून विक्रम नोंदवला. अशा प्रसंगी कौशल्य कुठे संपते आणि निव्वळ आकड्याचा मोह कुठे सुरू होतो, हे चालकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारलेले बरे.

दुसरी शंका अनुकरणाची. १९९५ ते २०१३ या काळात चाललेल्या 'इनिशियल डी' या जपानी चित्रकथेने आणि २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट' या हॉलिवूडपटाने घाटातल्या रात्रींना अद्भुतरम्य रंग चढवला. सौदी अरेबियात शहराबाहेरच्या रुंद, सरळ रस्त्यांवर तरुण मुले साध्या प्रवासी गाड्या भरधाव वेगात आडव्या घसरवतात. कडेला उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांचेही त्यात बळी गेले आहेत. रियाधमधील या प्रकारावर पास्कल मेनोरे या अभ्यासकाने २०१४ मध्ये सबंध ग्रंथ लिहिला. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, पती आखातात नोकरीला आहेत. त्याच रस्त्यांवरून ते कामाला ये-जा करतात, म्हणून ही बातमी आपल्याला परकी नाही. अमेरिकेतही जमावाने चौक अडवून गाड्या फिरवण्याचे प्रकार घडतात. या सर्वांचा दोष व्यावसायिक स्पर्धेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु जो टाळ्या घेतो त्याने आपल्या टाळ्यांचा आवाज कुठवर पोहोचतो याचे भान ठेवले पाहिजे. विजेत्याने बक्षीस घेताना 'हे बंद मैदानावरच' असे एक वाक्य उच्चारले, तर ते शंभर फलकांपेक्षा अधिक काम करील. कारण मुले फलक वाचत नाहीत, ती माणसांकडे पाहतात.

तिसरी शंका आम्हांला सर्वांत अवघड वाटते. चौकटीच्या आत येण्याला किंमत पडते. त्सुचियांची गाडी १३० अश्वशक्तीची होती. आजच्या अव्वल व्यावसायिक गाड्या हजार अश्वशक्तीच्या घरात गेल्या आहेत. मागच्या टायरांची जोडी काही फेऱ्यांतच झिजून जाते. रबराच्या धुराबरोबर पैसाही उडतो आणि हवाही बिघडते. ही नासाडी खेळाच्या आनंदाने पूर्ण भरून निघते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. शिवाय ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याला कठडा बाहेरच ठेवतो. मग हातात तेच कौशल्य आणि मनात तीच ओढ घेऊन तो कुठे जाईल? सार्वजनिक रस्ता फुकट असतो. मैदान श्रीमंतांसाठी आणि घाट गरिबांसाठी अशी वाटणी झाली, तर बदलाचा अर्धा लाभ वाया गेला असे समजावे.

बंदी आवश्यकच आहे. परक्याचा जीव राखायचा तर दंड, तपासणी, रस्त्यावरचे उंचवटे हे सारे हवे. पण निव्वळ बंदीने मुलाच्या मनातली ओढ मरत नाही. ती एका घाटातून दुसऱ्या घाटात जाते. जपानमधील अनुभवाचे सार आम्ही असे काढतो की, आधी 'इथे नाही' असे ठामपणे सांगावे लागते आणि त्यापाठोपाठ 'तर मग कुठे?' या प्रश्नाचे उत्तरही द्यावे लागते. पहिले सांगून दुसरे टाळणारे वडीलधारे आपले अर्धेच काम करतात. दुसरे देऊन पहिले विसरणारे त्याहून अधिक घातक ठरतात.

हे उत्तर मोटारीच्या मैदानाचेच असले पाहिजे असे नाही. आपल्या गावांत तसे मैदान कोण बांधणार? पण अंगातली रग, हाताची हुशारी, चारचौघांनी आपल्याकडे पाहावे ही इच्छा, या गोष्टी तारुण्याबरोबर येतातच. त्यांना जागा देणारे एखादे क्रीडांगण, वाद्यवृंद, नाट्यमंडळ, यंत्रे उघडून पुन्हा जोडायला शिकवणारे एखादे गॅरेज धर्मग्रामाच्या आवाक्यात असू शकते. मुलाला वळण लावणे म्हणजे त्याच्यातला वेग काढून घेणे नव्हे. त्याच्या वेगाच्या वाटेत दुसरा कोणी नकळत उभा राहणार नाही, आणि मागून येणाऱ्याला त्याचा भरवसा वाटेल, एवढे त्याला शिकवणे म्हणजे वळण लावणे.

यासाठी लांबलचक उपदेशाची गरज नाही. किल्ली हातात ठेवताना मुलाला एकच विचारावे: 'वळणापलीकडून आत्ता कोण येत असेल?' उत्तर त्याला ठाऊक नसणार. ते कोणालाच ठाऊक नसते. तो कोणीही असला, तरी त्याच्या घरीही कोणीतरी दिवा लावून वाट पाहत असते, एवढे मुलाच्या ध्यानी राहिले तर पुरे.